जहाजाची वेळ

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
१३ एप्रिल २००८

सुवर्णा,

सोबत तुझी चार पत्रं पाठवते आहे. एक बँकेचं, एक दातांच्या डॉक्टरांचं, दोन जाहिराती. जाहिराती फेकणार होते. पण तुझ्या कामाची जाहिरात कोणती हे मी ठरवू नये, म्हणून ठेवल्या. तू मिनेसोटात ईडन प्रेरीला जाऊन अकरा महिने झाले, तरी पोस्टात पत्ता बदललेला दिसत नाही. त्यासाठीचा कोरा फॉर्मही आत आहे.

आजवर नुसती पाकिटं पाठवत होते. आज चिठ्ठी घालते आहे, कारण पाचवं पत्र आपल्या दोघींच्या नावाने होतं आणि ते मी उघडलं. एडिसनच्या परबांच्या ट्रॅव्हल एजन्सीचं आहे. गेल्या जूनसाठी आपण त्यांच्याकडे बर्म्युडाची क्रूझ बुक केली होती. मार्चमध्ये तुझे बाबा गेले, तू नागपूरला होतीस, म्हणून मी ते बुकिंग वर्षभर पुढे ढकलून घेतलं. तुला सांगायचं राहिलं. आता ३१ मेच्या आत तारीख कळवली नाही तर ते संपतं. केबिन एक, नावं दोन. एकीनेच जायचं असेल तर दुसरीचं नाव काढावं लागेल.

क्रूझ तुझी हौस होती. तू सलग आठ दिवस रोज संध्याकाळी विचारत होतीस, म्हणून मी हो म्हणाले होते. तेव्हा ती तुझी आहे. माझं नाव काढायची चिठ्ठी सही करून आत ठेवली आहे. जायचं असेल तर ती परबांना पाठव.

इकडे ठीक. तुझ्या खोलीत अजून कोणाला ठेवलेलं नाही. दोन जणी बघून गेल्या. एकीकडे मांजर होतं.

नेत्रा


२० एप्रिल २००८

सुवर्णा,

तुझं उत्तर नाही. पत्र टाकून सातच दिवस झालेत आणि जायला तीन लागतात, तेव्हा याला उत्तर न येणं म्हणता यायचं नाही. सोबत एक पत्र आहे, तुझ्या जुन्या कॉलेजचं. देणगी मागतायत.

परबांच्या वेबसाइटवर एक प्रश्नावली आहे. 'क्रूझ तुमच्या स्वभावाला मानवेल का?' बारा प्रश्न, शंभर गुण. मी ती भरली.

पहिला प्रश्न : अनोळखी लोकांबरोबर एका टेबलावर जेवायला आवडतं का? नाही. तिसरा : आठवडाभर तेच ते चेहरे दिसले तर? मी लिहिलं, चालेल. तेच चेहरे असले की नवे बघावे लागत नाहीत. त्यांना हे उत्तर अपेक्षित नसावं, कारण गुण शून्य मिळाले. पाचवा : काहीही न करता तुम्ही किती वेळ बसू शकता? दोन तासांहून जास्त. इथे पूर्ण गुण. एवढ्या एकाच ठिकाणी.

बाराव्या प्रश्नात चूक आहे. 'तुमच्यासोबत कोण येणार?' पर्याय तीन : जोडीदार, कुटुंब, मित्र. 'कोणी नाही' हा पर्यायच नाही, आणि उत्तर दिल्याशिवाय पान पुढे जात नाही. ऑफिसात माझ्याकडे असलं पान आलं असतं तर मी परत पाठवलं असतं. इथे मी 'मित्र' वर टिचकी मारली.

मला चौतीस गुण मिळाले. खाली सल्ला होता : तुमच्यासाठी डोंगरातलं शांत घर बरं.

मग मी तीच प्रश्नावली तुझ्या वतीने भरली. अठ्ठ्याऐंशी. कपड्यांबद्दलचा प्रश्न अंदाजाने सोडवला, बाकीच्यांना अंदाजाची गरज पडली नाही.

बाराव्या प्रश्नावरून आठवलं. तू २००३ मध्ये इथे राहायला आलीस त्या आठवड्यात तुझ्या आईचा, मालिनीकाकूंचा, नागपूरहून फोन आला होता. तू अंघोळीला गेली होतीस. काकू म्हणाल्या, "नेत्रा, एक सांगून ठेवते हो. आमची सुवर्णा एकटी नाही झोपत. सोबत लागते तिला. तू नुसती घरात असलीस तरी पुरे." मी म्हणाले, ते मला जमतं.

खरंच जमत होतं. मी आठ वर्षांची असताना आमच्या मिरजेच्या घरासमोर पद्मिनीबाई राहायच्या, शाळेत शिकवायच्या. त्यांच्या यजमानांची बदली झाली आणि बाई एकट्या पडल्या. आईने मला त्यांच्याकडे रात्री सोबतीला पाठवायला सुरुवात केली. आमच्याकडे भावंडं तीन, पण पाठवायची मलाच. मी बोलत नसे, मागत नसे, लगेच झोपत असे. दीड वर्ष मी जात होते. काम एकच होतं : बाईंना सकाळी साडेपाचला हाक मारायची. त्यांना गजराने जाग येत नसे. मी एकदाही चुकले नाही. त्यांच्या घरी घड्याळ नीट चालत नव्हतं, तरी.

हे तुला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं आहे असं वाटलं नव्हतं.

नेत्रा


४ मे २००८

सुवर्णा,

सोबत दोन पत्रं. दोन्ही फोन कंपनीची.

परबांचा फोन आला. मी त्यांना प्रश्नावलीतल्या चुका ईमेलने कळवल्या होत्या. म्हणाले, "अहो मॅडम, ते माझ्या पुतणीने टाकलंय, वेबसाइटवर लोक यावेत म्हणून. क्रूझला कसली पर्सनॅलिटी लागते? खायचं आणि पडायचं. माणसाला पडता येतं ना? झालं तर." मग म्हणाले, "दुसऱ्या मॅडम येतायत का? नसतील तर त्यांचं नाव काढू. मात्र भाडं दोघांचंच पडणार. केबिन माणसं मोजत नाही."

मी म्हणाले, विचार करून सांगते.

"करा. आणि एक आत्ताच सांगून ठेवतो, शिपवर शिपचा टाइम पाळायचा. बर्म्युडा आपल्यापुढे एक तास. गेल्या सीझनला आमचं एक जोडपं तिथेच राहिलं. आपापल्या घड्याळात बघत बसले, आणि शिप गेली. एक तास म्हणजे काही फार नाही वाटत माणसाला."

मी म्हणाले, मला माहीत आहे.

त्यांनी बुकिंगचा नंबर विचारला. तो कागद फ्रिजच्या दारावर आहे, चुंबकाखाली. मी काढला, नंबर वाचून दाखवला. कागदाच्या मागच्या बाजूला तुझं अक्षर आहे. बाबांना फोनवर काय सांगायचं ते तू तिथे लिहून ठेवलं होतंस, ऐन वेळी सुचणार नाही म्हणून.

मागची बाजू वाचली नाही, असं लिहिणार होते. वाचली आहे. पाच ओळी. मार्च २००७ पासून कितीदा तरी.

मूळ कागद तुझा आहे. पुढच्या पाकिटात पाठवते. आज नाही जमत.

नेत्रा


११ मे २००८

सुवर्णा,

क्रमाने लिहिते, म्हणजे काही सुटणार नाही.

१० मार्च २००७, शनिवार. तुझे बाबा तीन दिवसांपासून आयसीयूत. तुझं विमान रविवारी संध्याकाळचं, त्याआधीचं मिळालं नाही. तुझ्या भावाने, गिरीशने, नर्सला विनवून एक परवानगी मिळवली : रविवारी भेटीच्या वेळेत, पाच ते सहा, तो मोबाइल आत नेईल आणि बाबांच्या कानाला लावेल. बोलता येत नव्हतं त्यांना, ऐकू येत होतं. त्यांचे पाच म्हणजे आपले सकाळचे साडेसात. तू दोन रात्री झोपली नव्हतीस. मी तुला म्हणाले, तू झोप, मी साडेसातला उठवते. तू म्हणालीस, "नक्की ना यार?" मी म्हणाले, मी आहे ना.

तुझा मोबाइल मी आवाज बंद करून स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला. मध्ये कोणाचा फोन येऊन तुझी झोप मोडू नये म्हणून.

त्याच रात्री इथली घड्याळं एक तास पुढे जाणार होती. दर वर्षी ती एप्रिलमध्ये जात. त्या वर्षीपासून कायदा बदलून मार्चमध्ये आणलं. तीन महिने माझं ऑफिसातलं काम तेच होतं. चारशे बारा सर्व्हरना नवी तारीख शिकवणं. त्या रात्री मी तिथेच होते. एकही चुकला नाही. पहाटे चारला घरी आले, उशाच्या घड्याळाचा गजर साडेसातवर लावला आणि झोपले.

ते घड्याळ आपोआप वेळ बदलणारं आहे. तूच मला वाढदिवसाला दिलं होतंस, "घे, तुझ्याहून शहाणं" म्हणून. कारखान्यात त्याला जुनी तारीख शिकवली होती. ते पुढे गेलंच नाही. त्याचा गजर साडेसातला झाला तेव्हा साडेआठ झाले होते. नागपुरात सहा.

इथपर्यंतची चूक घड्याळाची, असं मी वर्षभर स्वतःला सांगत आले. बरोबरच आहे ते. पण पुढची घड्याळाची नाही.

स्वयंपाकघरात तुझ्या मोबाइलवर गिरीशचे तीन मिस्ड कॉल होते. ७:३२, ७:५०, ८:२१. मी ते तिन्ही पुसून टाकले. मग तुझ्या खोलीत आले, तुला उठवलं आणि म्हणाले, मी साडेसातपासून लावते आहे, फोन लागतच नाहीये. तू लावलास तेव्हा गिरीश रडत होता, "आता नाही होत ताई, तू ये" एवढंच म्हणाला. तू विमानात असताना बाबा गेले.

एप्रिलमध्ये परत आलीस तेव्हा दारातच, बॅग खाली न ठेवता तू म्हणालीस, "गिरीशच्या फोनमध्ये तीन कॉल दिसून राहिले. माझ्यात एकही नाही. असं कसं?" मी म्हणाले, नेटवर्क. तू बराच वेळ माझ्याकडे बघत होतीस. मग म्हणालीस, "तू तर अशी कधीच बोलत नाहीस. तू तर कारण सांगतेस दहा मिनिटं."

महिन्याभरात तू ईडन प्रेरीची नोकरी घेतलीस.

हे असं का केलं, त्याचं कारण मी शोधलं. एवढंच सापडलं की तू उठून माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं असतंस ती मला टाळायची होती. ती महिन्याने आलीच.

कागद सोबत आहे. त्याच्या पुढच्या बाजूवरचा बुकिंगचा नंबर मी लिहून घेतला आहे.

नेत्रा


२४ मे २००८

सुवर्णा,

या वेळी सोबत काही नाही. दहा दिवसांत तुझं एकही पत्र इथे आलं नाही. म्हणजे तू पत्ता बदलायचा फॉर्म भरलास. काही तरी केलंस, एवढं मी धरून चालते. आता तुला लिहायला मला निमित्त उरलेलं नाही, तेव्हा हे निमित्ताशिवायचं पत्र.

क्रूझ माझ्या स्वभावाला मानवणारी नाही, हे मी सगळ्या बाजूंनी तपासलं. मी जाते आहे.

परबांनी पुन्हा विचारलं, दुसरं नाव काढायचं का. मी राहू दे म्हणाले. ते म्हणाले, "येणारेत का त्या?" मी म्हणाले, नाही. ते म्हणाले, "मग?" मी पुन्हा राहू दे म्हणाले. ते म्हणाले, "बरं. राहू दे."

मराठी मंडळाच्या वीणाकाकूंना कळलं. त्यांचं म्हणणं, "एकटी? समुद्रात? अगं, त्यापेक्षा आमच्या व्हॅनमध्ये नायगाराला चल. एक सीट आहे, फक्त मांडीवर इडल्यांचा डबा घ्यावा लागेल." मी नम्रपणे नाही म्हणाले.

रविवार १५ जून, बेयॉनच्या धक्क्यावरून, दुपारी चार. चढायला तीनपर्यंत. मंगळवार ते गुरुवार जहाज बर्म्युडाला थांबेल. माझा ईमेल पत्ता तोच आहे, जहाजावर इंटरनेटची खोली आहे.

ये म्हणायचा मला हक्क नाही. जागा आहे, एवढं कळवते.

नेत्रा


जहाजावरून
१६ जून २००८

सुवर्णा,

काल तीन वाजेपर्यंत मी वर जायच्या जिन्याशी उभी होते. तीनला दोन मिनिटं असताना चढले.

केबिनमध्ये पलंग दोन. केबिन बघणारे मनोहर म्हणून आहेत, पन्नाशीचे, वेंगुर्ल्याचे. यादीतली आडनावं वाचून थेट मराठीतच बोलले. "ताई, दुसऱ्या मॅडम जेवायला गेल्या काय?" मी सांगितलं, त्या आल्या नाहीत. "मग तो बेड बंद करू?" मी म्हणाले, नको. काल संध्याकाळी त्यांनी दोन्ही पलंगांवर चादरी उलगडून ठेवल्या होत्या, दोन्ही उशांवर एकेक चॉकलेट. तुझं मी ड्रॉवरमध्ये ठेवलं आहे.

जेवायच्या टेबलावर आठ खुर्च्या. ओहायोचं एक म्हातारं जोडपं, दोन बहिणी, एक बाप-लेक, मी आणि रिकामी खुर्ची. ओहायोच्या आजींनी विचारलं, तुझी मैत्रीण बरी नाही का? मी म्हणाले, ती झोपली आहे.

तोंडातून निघाल्यावर लक्षात आलं. मला खोटं बोलायचं झालं की मी तुला झोपवून ठेवते. आज सकाळी नाश्त्याला त्यांना खरं काय ते सांगितलं, म्हणजे तू मिनेसोटात आहेस आणि माझ्याशी बोलत नाहीस एवढं. त्या म्हणाल्या, "ओ हनी," आणि आपल्या ताटलीतलं अननस माझ्या ताटलीत सरकवलं.

चौतीस गुण बरोबर होते. संगीत सतत चालू असतं. पण वरच्या डेकवर मागच्या टोकाला एक जागा आहे जिथे कोणी येत नाही. तिथून जहाजाने मागे टाकलेलं पाणी बराच वेळ दिसत राहतं. तिथे मी तीन तास बसले.

मनोहर सांगून गेले, "ताई, आज घड्याळ एक तास पुढे करून झोपा. विसरू नका हां." मनगटावरचं मी त्यांच्यासमोरच केलं. उशाचं घड्याळ मी घरून आणलं आहे, तेच. तेही हाताने केलं.

नेत्रा


१७ जून २००८

आज दुपारी इंटरनेटच्या खोलीत तुझा ईमेल मिळाला. चौदा महिन्यांतला पहिला. दोन ओळी :

'उद्या पहाटे साडेपाचला मला फोन करून उठव. माझ्या वेळेने.'

कारण लिहिलेलं नाही. कुठे जायचं आहे, विमान आहे का, काही नाही. खाली नंबर.

मी कारण विचारलं नाही. 'उठवते' एवढं पाठवलं.

तुझे साडेपाच म्हणजे न्यू जर्सीचे साडेसहा, जहाजाचे साडेसात. तीन वेगवेगळ्या पद्धतीने काढून पाहिलं. मनोहरना विचारलं, धक्क्यावरच्या बाईंना विचारलं, टॅक्सीवाल्यालाही विचारलं. तो म्हणाला, "मिस, तुम्ही मला हे मघाशीही विचारलंत." बंदरावर फोनच्या तीन खोपट्या आहेत, मधली चालत नाही. जहाजाच्या दारापासून चार मिनिटं. दुकानातून फोन कार्डं घेतली.


१८ जून २००८
हॅमिल्टन, बर्म्युडा

सुवर्णा,

जे झालं ते तुला माहीतच आहे. तरी लिहून ठेवते.

मी सात दहाला तिथे पोचले. कोणी आधी येऊन फोन अडवला तर, म्हणून. कोणी आलं नाही. एक माणूस धक्का झाडत होता. मी त्यालाही वेळ विचारली.

साडेसातला लावला. पहिल्याच रिंगला तू उचललास. हॅलो म्हणाली नाहीस. "किती वाजले?" म्हणालीस.

"तुझ्याकडे साडेपाच."

"चार वाजल्यापासून जागी आहे मी. बघत होती, तू करते का नाही ते."

"केला."

"हो."

मग तुझ्याकडे चहाचं भांडं ठेवल्याचा आवाज आला. माझी पत्रं मिळाली का, असं मी विचारलं.

"वाचली. तो कागद पण मिळाला." मग म्हणालीस, "पत्रात लिहिणं सोपं आहे यार. तोंडाने म्हण."

मी म्हणाले. सात बत्तीस, सात पन्नास, आठ एकवीस. तिन्ही मी पुसले. फोन लागत होता. मी झोपले होते. तुझी वेळ मी घालवली आणि वर तुझ्याशी खोटं बोलले.

तुझ्या बाजूला चहा उकळत होता, तो तू उतरवलास, गाळलास, खुर्ची ओढलीस. फुंकर घालून प्यायची तुझी सवय तशीच आहे. मी खोपटीत उभी राहून ऐकत होते. धक्का झाडणारा माणूस दूरच्या टोकाला पोचला होता. किती वेळ झाला ते मी बघितलं नाही.

मग कार्डातली बाई इंग्रजीत म्हणाली, एक मिनिट शिल्लक आहे. तुलाही ते ऐकू गेलं.

"दुसरं कार्ड आहे का तुझ्याजवळ?" तू विचारलंस.

मी तीन घेतली होती.

नेत्रा